पोटगीचा हिशेब: घटस्फोटानंतर पत्नी आणि मुलांची रक्कम कशी ठरते

घटस्फोटानंतर पत्नीला आणि मुलांना दरमहा किती रक्कम मिळावी, याचा ठरावीक दर भारतातील कोणत्याही कायद्यात दिलेला नाही. इतर काही देशांत तो आहे. जर्मनीत मुलांच्या खर्चासाठी १९६२ पासून डसेलडॉर्फचा तक्ता वापरतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एका मुलासाठी उत्पन्नाच्या १७ टक्के आणि दोन मुलांसाठी २५ टक्के हे प्रमाण नियमातच लिहिलेले आहे. भारतीय कायद्याने ही रक्कम न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली आहे. देणाऱ्याचे खरे उत्पन्न, मागणाऱ्याची खरी गरज आणि संसार चालू असताना दोघांचे राहणीमान या तीन गोष्टी पाहून न्यायाधीश आकडा ठरवतो. त्यामुळे पोटगीचा निकाल युक्तिवादापेक्षा कागदांवर अधिक अवलंबून असतो. धाराशिव जिल्ह्यात हे विशेष जाणवते. इथे महिन्याच्या महिन्याला पगारपत्रक मिळणारी माणसे थोडी आहेत. बहुतेकांचे उत्पन्न सातबाऱ्यावर, कारखान्याच्या ऊसबिलात, आडत्याच्या पट्टीत आणि डेअरीच्या दूधपुस्तकात विखुरलेले असते.

कोणता कायदा, कोणते न्यायालय

पोटगी मागण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उद्देश थोडा वेगळा आहे. सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. पत्नी, अज्ञान मुले आणि वृद्ध आईवडील त्याखाली अर्ज करू शकतात. ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित पण पुनर्विवाह न केलेली स्त्रीही येते. १९७३ च्या संहितेत दरमहा जास्तीत जास्त ५०० रुपये देता येत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ही मर्यादा १,५०० रुपयांवर नेली आणि २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती पूर्णपणे काढून टाकली. आज कलम १४४ खाली वरची मर्यादा नाही.

हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये तीन तरतुदी आहेत. खटला चालू असेपर्यंतची अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च कलम २४ मध्ये येतो, निकालानंतरची कायमस्वरूपी पोटगी कलम २५ मध्ये आणि मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण कलम २६ मध्ये. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांसाठी त्या कायद्यात अशाच तरतुदी आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २० खाली पोटगीबरोबर औषधोपचाराचा खर्च आणि झालेले नुकसानही मागता येते.

मुस्लिम घटस्फोटित स्त्रीसाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे. इद्दतीच्या मुदतीत पतीने तिच्या पुढील आयुष्याची वाजवी तजवीक करून दिली पाहिजे, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या दानियल लतिफी निकालात लावला. १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने कलम १२५ चा मार्गही तिला खुला असल्याचे स्पष्ट केले. मराठवाड्यातील स्त्रियांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाचा २००२ चा दगडू पठाण निकाल महत्त्वाचा आहे. पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना ‘मी तिला पूर्वीच तलाक दिला आहे’ एवढे लिहिल्याने तलाक सिद्ध होत नाही, तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो, असे त्या निकालाने ठरवले. नुसत्या वाक्याने पोटगी टाळण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

अर्ज कुठे करायचा, याबाबत कायदा मागणाऱ्याच्या बाजूने आहे. पती पुण्यात नोकरीला असला आणि पत्नी परंड्याला माहेरी राहत असली, तरी तिला पोटगीसाठी पुणे गाठावे लागत नाही. ती राहते त्या भागातील न्यायालयात अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे ते, नसेल तिथे कलम १४४ चा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे आणि हिंदू विवाह कायद्याचा अर्ज दिवाणी न्यायालयात चालतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात स्त्रियांना न्यायालयीन शुल्कही माफ आहे.

हिशेबाचा पाया: मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र

आज देशभर पोटगीचा हिशेब ज्या पद्धतीने होतो, ती महाराष्ट्रातील एका प्रकरणातून घडली. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये एका स्त्रीने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. न्यायालयाने २०१५ मध्ये तिला दरमहा १५,००० रुपये दिले. मुलासाठी आधीच्या दोन वर्षांचे दरमहा ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून पुढे १०,००० रुपये ठरवले. नागपूर खंडपीठाने हा आदेश २०१८ मध्ये कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनीश विरुद्ध नेहा’ या नावाने लागलेल्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी रक्कम कायम ठेवली. त्याबरोबरच सर्व न्यायालयांसाठी एकच कार्यपद्धती आखून दिली. अंतरिम पोटगीचे अर्ज कायद्यातील ६० दिवसांची मुदत ओलांडून वर्षानुवर्षे पडून राहतात आणि दोन्ही बाजू उत्पन्नाबद्दल अंदाजाचे आकडे फेकतात, हा अनुभव या निकालामागे होता.

या निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. अर्जदाराने ते अर्जासोबत द्यायचे, समोरच्याने चार आठवड्यांत. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत. जाणूनबुजून टाळाटाळ दिसली तर त्याचा बचाव रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अंतरिम अर्ज शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा, असेही सांगितले आहे. प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली, तर फौजदारी कारवाई होऊ शकते.

प्रतिज्ञापत्राचे नमुने वेगवेगळे आहेत. नोकरदार आणि शहरी कुटुंबांच्या नमुन्यात पगार, बँक खाती, आयकर विवरणपत्रे, विमा, वाहन, दागिने आणि कर्जे यांची माहिती मागितली आहे. धाराशिव जिल्ह्यात अधिक कामाचा आहे तो शेतीवर जगणाऱ्यांसाठीचा नमुना. स्वतःच्या नावावर किंवा वाट्याला एकूण किती जमीन आहे, मालकी दाखवणारे फेरफार कोणते, जमीन जिरायती की बागायती, वर्षभरात कोणती पिके घेतली, तीन वर्षांत किती उत्पन्न निघाले, कोणाची जमीन बटईने किंवा ठोक्याने केली आहे का, हे त्यात लिहावे लागते. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती आणि त्यांपासून उत्पन्न किती, जमिनीवर कर्ज किती, हेही विचारलेले असते. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, तिथे गोठ्याची ही नोंद किरकोळ समजता येत नाही. जुळी करडे देणाऱ्या पंधरा शेळ्यांचा कळप एका जिरायती एकराहून जास्त कमाई करू शकतो.

पगारदाराचा हिशेब

पगारदाराचा हिशेब तुलनेने सरळ असतो. एकूण पगारातून आधी फक्त बंधनकारक कपाती वजा होतात, म्हणजे आयकर, व्यवसाय कर आणि निवृत्तिवेतनाची सक्तीची वर्गणी. पतसंस्थेचा हप्ता, वाहनकर्ज, विम्याचा हप्ता किंवा स्वतःहून वाढवलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम या स्वेच्छेच्या कपाती मानल्या जातात. पोटगीचा अर्ज दाखल झाल्यावर अचानक वाढलेल्या हप्त्यांकडे न्यायालये संशयानेच पाहतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. उमरग्याच्या एका शिक्षकाचा एकूण पगार ७०,००० रुपये आहे आणि बंधनकारक कपाती ९,००० रुपये. हिशेबाला धरायची रक्कम ६१,००० रुपये. तो मात्र पतसंस्था आणि विम्याचे १८,००० वजा करून ‘हातात ४३,००० च पडतात’ असे सांगतो. न्यायालय ६१,००० चाच आकडा धरते.

यापुढे दोन मापे वापरली जातात. पहिले माप २५ टक्क्यांचे. १९७० च्या एका निकालाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या कल्याण डे चौधरी प्रकरणात, पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी वाजवी ठरू शकते, असे म्हटले. वरच्या उदाहरणात ती १५,२५० रुपये होते. मुलांचा खर्च त्याहून वेगळा. दुसरे माप दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अनुरिता व्होरा प्रकरणात मांडले. त्यात कुटुंबाच्या उत्पन्नाचे वाटे करतात. कमावत्याला दोन वाटे, कारण त्याला नोकरीसाठी जादा खर्च येतो, आणि इतर प्रत्येकाला एक. शिक्षकाला पत्नी आणि दोन मुले असतील तर एकूण पाच वाटे होतात. एक वाटा १२,२०० रुपयांचा, म्हणजे पत्नी आणि दोन मुलांचे मिळून ३६,६०० रुपये आणि शिक्षकाकडे २४,४०० रुपये. पत्नीही कमावती असेल तर तिचे उत्पन्न आधी बेरजेत धरतात आणि मग वाटे पाडतात.

यांपैकी एकही माप सक्तीचे नाही. पत्नीला स्वतःचे घर आहे का, मुलाला दीर्घ आजार आहे का, पतीवर वृद्ध आईवडिलांची जबाबदारी आहे का, लग्न किती वर्षे टिकले, संसारासाठी पत्नीने नोकरी सोडली का, या प्रश्नांच्या उत्तरांनी रक्कम वर किंवा खाली जाते. न्यायालयाची दृष्टी समतोलाची असते. देणारा कंगाल होऊ नये आणि मागणारी लाचार होऊ नये. पत्नीला अगदी निराधार झाल्याचे दाखवावे लागत नाही. पूर्वीच्या संसारात ती ज्या पातळीवर जगत होती, त्या पातळीशी सुसंगत जगणे शक्य आहे का, हे पाहिले जाते.

शेतकऱ्याचा हिशेब

शेतकरी पतीचे पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते: जमीन वडिलांच्या नावावर आहे, माझ्या नावावर काहीच नाही. सातबाऱ्यावर फक्त वडिलांचे नाव असले, तरी जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू एकत्र कुटुंबात मुलाचा वाटा जन्माने असतो. म्हणून जुने फेरफार महत्त्वाचे. जमीन आजोबांकडून वारसाने आली की वडिलांनी स्वतः विकत घेतली, हे त्यांवरून कळते. सातबारा आणि आठ-अ महाभूलेख संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, त्यामुळे पत्नीला गावात पाऊल न टाकताही पहिला पुरावा मिळवता येतो. सातबाऱ्याच्या पिकांच्या नोंदी आता ई-पीक पाहणीतून येतात. कारखान्याचे ऊसबिल, बाजार समितीतील आडत्याच्या पट्ट्या, पीक विम्याची रक्कम आणि जिल्हा बँकेचे खाते यांतून बाकीचे चित्र पुरे होते. पती कागद देत नसेल, तर ते हजर करायला लावण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो. तरीही त्याने ते दडवले, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते.

आता कळंब तालुक्यातील सहा एकरांच्या वाट्याचा कल्पित हिशेब. चार एकरांत खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा, दोन एकरांत ऊस. सोयाबीन एकरी ७ क्विंटल धरले तर २८ क्विंटल होते. पट्टीवर ४,२०० रुपये भाव असेल तर १,१७,६०० रुपये. हरभरा एकरी ५ क्विंटल, म्हणजे २० क्विंटल, ५,५०० रुपये भावाने १,१०,०००. ऊस एकरी ३५ टन, एकूण ७० टन, टनाला २,७०० प्रमाणे १,८९,०००. तिन्ही मिळून ४,१६,६०० रुपये. खर्च सोयाबीनला एकरी १५,०००, हरभऱ्याला ९,००० आणि उसाला ४०,००० धरला तर १,७६,००० रुपये. शेतीचे निव्वळ उत्पन्न २,४०,६०० रुपये. दुधाचे खाद्य वजा जाता ७२,००० आणि केंद्र व राज्याच्या शेतकरी सन्मान योजनांचे प्रत्येकी ६,००० मिळून १२,००० जमा केले, तर वर्षाचे ३,२४,६०० आणि महिन्याचे २७,०५० रुपये होतात.

घरात पती, पत्नी, एक मूल आणि पतीची वृद्ध आई असेल, तर दोन, एक, एक आणि एक असे पाच वाटे होतात. एक वाटा ५,४१० रुपयांचा. पत्नी आणि मुलाचे मिळून १०,८२० रुपये. २५ टक्क्यांच्या मापाने पत्नीचे ६,७६२ रुपये येतात आणि मुलाचा खर्च वेगळा.

या हिशेबात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, भाव आणि उतारा कागदावरचा घ्यायचा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये असला, तरी माल प्रत्यक्षात ज्या भावाने विकला तोच आकडा खरा. दुसरी, एका वर्षावर विसंबायचे नाही. या जिल्ह्यात एखादे वर्ष दुष्काळाने कोरडे जाते आणि एखाद्या वर्षी अतिवृष्टी उभे पीक नेते, म्हणूनच नमुन्यात तीन वर्षांचे उत्पन्न विचारले आहे. त्याची सरासरी दोन्ही बाजूंना न्याय देते. तिसरी, पीककर्ज दोनदा वजा करायचे नाही. ते बियाणे, खते आणि मजुरीवर खर्च झालेले असते आणि तो खर्च आधीच वजा झालेला असतो. त्याचा हप्ता पुन्हा वजा दाखवला, तर उत्पन्न कागदावर निम्म्याने घटते आणि भुर्दंड मुलांना बसतो.

मजुरी आणि ऊसतोड

ज्याच्याकडे ना जमीन ना पगार, त्याची जबाबदारी संपत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही पत्नी आणि मुलांना सांभाळले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात पुन्हा बजावले. उत्पन्नाचा कागदच नसेल, तेव्हा अकुशल कामगाराचे किमान वेतन हा न्यायालयाचा नेहमीचा आधार असतो.

बीडप्रमाणे धाराशिवमधूनही दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. तिथला हिशेब वेगळ्या अडचणीचा आहे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल दोघांच्या श्रमावर मिळते, पण ती घेतो पती आणि नाव त्याचेच लागते. संसार मोडला की स्त्रीच्या हातात स्वतःच्या कमाईचा एकही पुरावा उरत नाही, आणि पती फिटलेली किंवा न फिटलेली उचल कर्ज म्हणून दाखवतो. अशा वेळी मुकादमाची वही, कारखान्याकडील तोडणी-वाहतूक कराराची नोंद आणि टोळीतल्या सोबत्यांची साक्ष उपयोगी पडते. उचल हे येणाऱ्या हंगामाच्या मजुरीचे आगाऊ पैसे आहेत. ती उत्पन्नात धरली जाणेच रास्त आहे.

पत्नीची कमाई आणि पतीचा हक्क

पत्नी शिवणकाम करते किंवा खासगी शाळेत शिकवते, एवढ्याने तिची पोटगी बुडत नाही. तिची कमाई रक्कम ठरवताना विचारात घेतली जाते आणि उरलेली तूट पोटगीने भरायची असते. पदवी असणे म्हणजे कमाई असणेही नव्हे. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. दहा वर्षे चूल आणि मुले सांभाळलेल्या डी.एड. झालेल्या स्त्रीला घटस्फोटाच्या दुसऱ्या दिवशी नोकरी मिळत नाही, हे न्यायालये मान्य करतात.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली पतीलाही पोटगी मागता येते. नांदेडच्या न्यायालयाने शिक्षिका असलेल्या पत्नीला, घटस्फोटित पतीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी देण्याचा आदेश दिला होता आणि तो न पाळल्याने तिच्या पगारातून दरमहा ५,००० रुपये कापून जमा करण्यास मुख्याध्यापकांना सांगितले होते. औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये हे आदेश कायम केले. कलम १४४ खाली मात्र पतीला असा अर्ज करता येत नाही.

मुलांची रक्कम

मुलाचा हक्क आईच्या हक्काहून स्वतंत्र असतो. आईने दुसरे लग्न केले, घटस्फोट तिच्या चुकीमुळे झाला किंवा तिने स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलाची पोटगी थांबत नाही. ती वेगळी लिहून घेणे नेहमी हिताचे असते, कारण पुढे आईच्या रकमेबाबत वाद झाला तरी मुलाची रक्कम अडकत नाही.

मुलाचा खर्च खाणे, कपडे, राहणे, औषधपाणी आणि शिक्षण या शीर्षकांखाली मांडायचा असतो. शाळेची फी, पुस्तके, गणवेश, एसटीचा पास किंवा रिक्षा, शिकवणी आणि वसतिगृह यांच्या पावत्या जोडल्या की आकडा टिकतो. लातूरला शिकवणीसाठी मूल ठेवण्याची या भागात मोठी रीत आहे. तो खर्च कुटुंबाच्या ऐपतीत बसणारा असेल, तर मागता येतो. दोघेही कमावत असतील, तर खर्च त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जातो. वडिलांचे निव्वळ उत्पन्न ४०,०००, आईचे २०,००० आणि मुलाचा खर्च ९,००० असेल, तर वडिलांचे ६,००० आणि आईचे ३,०००. मूल ज्याच्याजवळ राहते, त्याच्या रोजच्या श्रमाचाही विचार न्यायालयाने करायचा असतो.

कलम १४४ खाली ही रक्कम मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत मिळते. अपंगत्वामुळे स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या मुलाला त्यानंतरही. हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा, १९५६ च्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलीला, तिचे स्वतःचे उत्पन्न पुरेसे नसेल तर, अठराव्या वर्षानंतरही वडिलांकडून पोटगी मागता येते.

एकरकमी की दरमहा

कायमस्वरूपी पोटगी दरमहा किंवा एकरकमी ठरवता येते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात एकरकमीकडे कल असतो. तिचा हिशेब करताना महिन्याची रक्कम आणि वर्षे यांचा साधा गुणाकार केला जातो, पण तो पुरा नसतो. दरमहा ८,००० रुपये पंधरा वर्षे दिले तर बेरीज १४,४०,००० रुपये होते. वर्षाला ७ टक्के व्याज मिळेल असे धरले, तर आज सुमारे ८,९०,००० रुपये हातात असले की त्यातून पंधरा वर्षे दरमहा ८,००० काढता येतात. देणारी बाजू हा दुसरा आकडा पुढे करते. घेणाऱ्या बाजूने महागाई लक्षात आणून द्यायला हवी, कारण आजच्या ८,००० रुपयांत पंधरा वर्षांनी तेवढा किराणा येणार नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा ५०,००० रुपये ठरवून दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढही आदेशातच लिहिली. अशी वाढ आधीच मागितली, तर पुन्हा पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.

संसार किती टिकला, याचाही परिणाम होतो. थोड्याच काळात मोडलेल्या लग्नात जन्मभराची पोटगी लादणे न्याय्य नसू शकते, असे २०२० च्या निकालात म्हटले आहे. कलम २५ खाली पोटगीचा बोजा पतीच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. तो सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवला, की जमीन विकत घेणाऱ्याला त्याची जाणीव राहते. पोटगी टाळण्यासाठी भावाच्या नावे बक्षीसपत्र केले, तरी विनामोबदला हस्तांतरणात पोटगीचा हक्क त्या जमिनीच्या उत्पन्नावर चालतो, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३९ सांगते.

तारीख, थकबाकी आणि वसुली

पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असा २०२० च्या निकालाचा नियम आहे. अर्ज १ जानेवारी २०२२ चा, आदेश ३० जून २०२५ चा आणि रक्कम ७,००० रुपये असेल, तर ४२ महिन्यांचे २,९४,००० रुपये होतात. मधल्या काळात अंतरिम म्हणून ३,००० रुपयांप्रमाणे ३० महिने मिळाले असतील, तर ९०,००० वजा जाऊन थकबाकी २,०४,००० रुपये राहते. वेगवेगळ्या कायद्यांखाली दोन आदेश झाले असतील तर रकमांची वजावट होते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ४,००० मिळत असताना विवाह कायद्याखाली १०,००० ठरले आणि वजावट मंजूर झाली, तर प्रत्यक्षात ६,००० ची भर पडते. म्हणून आधीचा आदेश नव्या अर्जात नमूद करणे सक्तीचे आहे.

पैसे थकले की वसुली अर्ज करावा लागतो. कलम १४४ खाली न्यायदंडाधिकारी जप्तीचे वॉरंट काढतो आणि त्यानंतरही न भरणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतो. कैद भोगल्याने देणे फिटत नाही. या मार्गात एक मुदत जीवघेणी ठरते. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुली अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. ‘सगळे एकदमच मागू’ म्हणून थांबलेल्या अनेक स्त्रिया इथे फसतात. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे दरखास्त दाखल करूनही बजावता येतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित असतो, म्हणजे दोन तृतीयांशपर्यंत पगार थेट कापता येतो.

रक्कम केव्हा बदलते, केव्हा थांबते

परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते. मूल महाविद्यालयात गेले, पतीला बढती मिळाली, आजारपण आले किंवा नोकरी गेली, अशा कारणांनी कोणतीही बाजू अर्ज करू शकते. पतीने स्वतःहून हप्ते बंद करणे मात्र थकबाकीच ठरते. घटस्फोटित पत्नीने पुनर्विवाह केला तर तिची पोटगी थांबवता येते. मुलांची चालू राहते.

गावच्या बैठकीत मुद्रांकावर लिहून घेतलेल्या सोडचिठ्ठीला पोटगीच्या बाबतीत फारसे बळ नाही. ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असून तो पोटगीच्या अर्जाच्या आड येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले आहे. पहिले लग्न लपवून फसवणुकीने दुसरे लग्न केलेल्या पुरुषालाही पोटगी टाळता येत नाही. औरंगाबाद खंडपीठातून गेलेल्या बादशाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशा फसवल्या गेलेल्या स्त्रीला कलम १२५ खालचा हक्क दिला, कारण स्वतःच्या लबाडीचा फायदा कोणालाही घेता येत नाही. विवाह रद्दबातल ठरला तरी कलम २५ ची कायमस्वरूपी पोटगी देता येते, असेही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले.

पोटगी मागणाऱ्या स्त्रीने अर्जापूर्वी जमवायचे कागद त्यामुळे ठरलेले आहेत: लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा, सासरच्या जमिनीचे सातबारे, आठ-अ आणि जुने फेरफार, पगारपत्रक किंवा ऊसबिले, मुलांच्या फीच्या पावत्या, स्वतःच्या महिन्याच्या खर्चाची यादी आणि स्वतःच्या कमाईचा खरा आकडा. देणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. त्याने उत्पन्न, कर्जे आणि जबाबदाऱ्या कागदानिशी मांडल्या, तर त्याच्यावर ऐपतीबाहेरची रक्कम बसण्याचा धोका कमी होतो. दोन्ही प्रतिज्ञापत्रे खरी असतील, तर वाद फक्त आकडेमोडीचा उरतो आणि तो काही महिन्यांत मिटू शकतो.